सुकं सामान

आगोट जवळ आली की आमच्या रेवदंड्यात बायका एकमेकींना ‘कशी आहेस’ असं विचारत नाहीत. ‘सुकं भरलंस का?’ असं विचारतात. त्या एका प्रश्नात तब्येत, संसार, नवऱ्याचा स्वभाव, सगळं येतं. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावरचे ते दीड-दोन महिने. पुढे चार महिने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून तांदूळ, मसाला, लाकडं, पांढऱ्या कांद्याच्या माळा असं सगळं आधीच घरात आणून ठेवायचं. आणि सुकं. सुकं म्हणजे सुकी मासळी: बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या. जगात दुसरंही काही सुकं असू शकतं, हे आमच्या डोक्यात येतच नाही. येत नाही म्हणूनच दोन वर्षांपूर्वीच्या आगोटीत माझ्या हातून जो घोळ व्हायचा तो झाला.

आज सकाळी खाडीकडे चक्कर मारून आले. गुडघे कुरकुरतात, पण वास बोलावतो. वलांड्या उभ्या राहिल्यात. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगायचे, ती वलांडी. वारा आला की सगळे बोंबील एकदम एका अंगाला झुलतात. पर्यटक नाकाला रुमाल लावून त्यांचे फोटो काढतात. मला मात्र त्या वासाने भूक लागते. आणि हल्ली भुकेबरोबर प्रश्नही सुचतात. हा बोंबील जाणार कुठे? कुणाच्या चुलीवर? ती बाई तो आधी भाजेल की आधी भिजवेल?

इतकी वर्षं इथे काढली, पण हे प्रश्न मला पडले नव्हते. ते मावीमुळे पडले.

मावी आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. मूळची मिझोरमची, मुरुडच्या रस्त्याला समुद्रालगत एक लॉज आहे तिथे कामाला. बावीस-तेवीस वर्षांची, केस सरळ, चाल भरभर. शेजारच्या पोरांना तिचं नाव ‘मावशी’ असं ऐकू यायचं आणि पोरं तशीच हाक मारायची. तिला पुष्कळ दिवस वाटत होतं की महाराष्ट्रात लाडाने नावाला ‘शी’ लावतात. माझ्याशी हिंदीत बोलायची. आधी आंटी म्हणायची, मग कधीतरी काकू म्हणायला लागली, आणि मी भाडं वाढवायचं विसरून गेले.

त्या आगोटीत एका दुपारी ती ओटीवर येऊन बसली. मी मिरच्यांचे देठ खुडत होते. तीही खुडायला लागली. म्हणाली, “काकू, मेरे घर में चार लोग बढ़ गया.”

मला वाटलं, भावाचं लग्न झालं. तसं नव्हतं. तिच्या गावाच्या खाली एक नदी आहे, नदीपलीकडे म्यानमार. तिकडे लढाई चाललीय. माणसं नदी ओलांडून इकडे आली होती, कुणी शाळेत राहिली, कुणी ओळखीच्या-अनोळखीच्या घरात. तिच्या आईने एका बाईला घरात घेतलं होतं, तिची तीन मुलं धरून. बाईचं नाव सुई.

“सुई? शिवायची सुई?” मी विचारलं.

मावीने आईला फोन लावून विचारलं. उत्तर आलं, तिच्या भाषेत सुई म्हणजे सोनं. मी मिरची हातात धरून तशीच बसले. एकच शब्द, डोंगरापलीकडे त्याचं सोनं होतं आणि इथे त्याने मी विकायच्या उशा शिवते.

तांदूळ त्यांना तिथल्या चर्चची माणसं देत होती, पण तांदळाबरोबर खायला काही नव्हतं. सुई रोज रानात जाऊन पाला खुडून आणायची. पाऊस सुरू झाला की त्या डोंगरातला रस्ता खचतो, मग वर काही पोचत नाही. तेव्हा जे पोचवायचं ते पावसाच्या आधी. मुंबईतली काही मंडळी एक ट्रक भरणार होती आणि त्यांनी सूखा सामान मागितलं होतं.

आता बघा, मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं सगळं येणाऱ्या-जाणाऱ्या भाडेकरूंकडून शिकले. मोबाइलसुद्धा. मी लगेच आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर बोलून पाठवलं, “बायांनो, लढाईपायी घर सोडून आलेल्या लोकांना सुकं पाठवायचंय. तुमचं आगोटीचं भरताना त्यांचाही वाटा काढा. रविवारी माझ्या ओटीवर आणा.”

रविवारी ओटी भरली. सोड्यांच्या पिशव्या, जवळ्याचे डबे, वाकट्यांच्या जुड्या, आणि बोंबील तर इतके की आमचे हे खुर्ची घेऊन अंगणात गेले. हे एसटीत कंडक्टर होते, गर्दी झाली की आपोआप दाराकडे सरकतात. सगळ्यांत मोठं पोतं हिराबाईचं. हिराबाई खाडीवरच्या कोळीवाड्यातली, माझ्याच वयाची, नवरा गेल्यापासून एकटीने बोंबील सुकवते. तिने पोतं उतरवलं, कंबर सरळ केली आणि म्हणाली, “वैनी, पयल्या हाताचं हाय. घरात खायला ठेवलेलं. त्या लोका बोंबील खातान ना गो?”

“खात असतील की.”

“इचारलंस?”

नव्हतं विचारलं.

संध्याकाळी मावी कामावरून आली आणि फाटकातच थांबली. ओटीभर नजर फिरवली. तांदूळ नाही, डाळ नाही, मीठ नाही, पोह्यांची एक पिशवी नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सूखा सामान. अगं बाई. मी तोंडाला पदर लावून उभी राहिले. बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मावी मात्र हळूच पुढे आली. हिराबाईच्या पोत्यातून एक बोंबील उचलला, नाकाशी धरला आणि पायरीवर बसली. मग म्हणाली, “ये हमारे गाँव के बाजार में आता है. अभी बहुत महँगा. छोटी थी तब मैं सोचती थी, मछली सूखी ही पैदा होती है.”

हिराबाईला मी याचं मराठी करून सांगितलं. ती एवढी हसली की तिला खांब धरावा लागला. पण हसून झाल्यावर कोळिणीने बरोबर नाडी धरली. “म्हंजे खातान. मंग तू रडतंस कशाला, वैनी?”

रडत कुठे होते मी. डोळ्यांत मिरची गेली होती दुपारची.

कधीकधी वाटतं, मदत म्हणून आपण जे देतो त्यात समोरच्याला किती विचारलेलं असतं? मागे वादळात आमच्या निम्म्या आळीचे पत्रे उडाले होते. तीन दिवस सगळे शाळेत होतो. तेव्हा शहरातून कपड्यांची गाठोडी आली. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, खोटं नाही बोलणार. पण हिराबाईच्या वाट्याला टिकल्याटिकल्यांचा एक लांब झगा आला, मागे चेन असलेला. ती तो उलटासुलटा करून बघत राहिली. कुणाचा असेल? काय करत असेल ती बाई हा घालून? बसत कशी असेल? शेवटी तो झगा वलांडीवर चढला. उन्हात टिकल्या चमकायच्या आणि कावळे बोंबलाच्या वाऱ्याला उभे राहायचे नाहीत. इतकं कामाचं दान मी दुसरं पाहिलं नाही.

त्याच वादळात घरातून निघताना हिराबाईने फक्त वरवंटा उचलला होता. पैसे नाही, कागद नाही, वरवंटा. पाटा घरीच. का, ते तिला अजून सांगता येत नाही. म्हणूनच असेल, सुईचं कळल्यापासून तिने एकच लकडा लावला होता, “तिनी निघताना काय घेतलं, इचार ना गो.”

असं विचारावं का, मला कळेना. आमच्याकडे दुखऱ्या जागेवर बोट ठेवत नाहीत. पण हिराबाईचं म्हणणं, न विचारता नुसतं देणं म्हणजे दारातून भाकरी टाकणं. मावीने आईला फोन लावला, आईने सुईला विचारलं, आणि उत्तर दोन भाषांतून फिरून माझ्या ओटीवर आलं. काय घेतलं ते सुईला आठवत नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं की घर जाळायला माणसं येतायत म्हणून सगळे पळत होते, आणि ती मागे फिरून चुलीत पाणी ओतून आली. घराला आग लागू नये म्हणून.

हिराबाईने ऐकलं. जवळा निवडायला घेतला.

दोन दिवसांनी मुंबईच्या मंडळींचा टेम्पो आला. बरोबरचा तरुण फार सज्जन होता. त्याने पोती पाहिली, एक दीर्घ श्वास घेतला, आणि तो घेतल्याचा त्याला लगेच पश्चात्ताप झाला. म्हणाला, “मावशी, गाडीत दुधाची पावडर आहे, बिस्किटं आहेत. सगळ्याला वास लागेल. नाही नेता येणार.” त्याचं चूक नव्हतं. त्याने पाणी घेतलं, नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने गेला. मग आमच्या ह्यांनी रेल्वेने पाठवता येतं का त्याची चौकशी केली. तिथेही नाकाचाच प्रश्न. ह्यांनी नातीच्या पुस्तकातला नकाशा काढला, रेवदंड्यावर एक बोट ठेवलं, मिझोरमवर दुसरं, आणि म्हणाले, “मध्ये किती डेपो लागतील गं?”

ओटीवर सात पोती. वर आभाळात दुपारचे ढग जमायला लागलेले. सुकं हे फार मानी असतं. एकदा दमट हवा लागली की नरमतं आणि मग कीड धरतं. आणि तिकडचा रस्ता आमच्या चुकीसाठी थांबणार नव्हता. मला जेवण जाईना. रोज पोत्यांवरून हात फिरवायचा आणि आभाळ बघायचं. मावी येता-जाता विचारायची नाही, तेच जास्त लागायचं.

वाट हिराबाईनेच काढली, आणि तीही ती काढायला गेली नव्हती. ती गेली होती भांडायला. मुरुडचे इस्माईलशेठ सुक्याचे व्यापारी, दर आगोटीला तिचा माल घेतात. या वेळी पोतं कमी का, असं त्यांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं आणि वर ऐकवलं, “तुझ्या गाड्या हायेत, आन आमचं सुकं वटीवर सडतंय.”

इस्माईलशेठ दुसऱ्या दिवशी रिक्षाने आमच्याकडेच आले. पांढरी दाढी, हातात छत्री. खुर्चीत बसून चहा बशीत ओतला आणि म्हणाले, “भाभी, तुम्हांला काय वाटतं, हिराबाईचे बोंबील जातात कुठं?”

“मुंबईला,” मी म्हटलं.

“मुंबईवाले खाऊन खाऊन किती खातील? माझी गाडी आसामात जाते. तिथं सुक्याचा बाजार आहे, असा बाजार तुम्ही बघितला नसेल. तिथून माल वर डोंगरात जातो. मणिपूर, मिझोरम, सगळीकडे. माझे अब्बाही तिकडेच पाठवायचे.”

हिराबाई दारात उभी होती. “इतकी वर्सं मी तुला बोंबील देतंय. कवा बोललास न्हाय.”

“तू कधी विचारलंस?”

हिराबाईला गप्प करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मला तर अंगणात जाऊन बसावंसं वाटलं. म्हणजे मावी लहानपणी बाजारात जे बोंबील बघायची, कुणी सांगावं, ते याच खाडीवर झुललेले असतील. हिराबाईच्याच हातचे असतील. ती पोर त्या बोंबलांमागोमाग एवढ्या लांब येऊन माझ्या मागच्या खोलीत राहिली, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. आपल्या हातची वस्तू कुठवर जाते, याची आपल्याला किती थोडी माहिती असते. मी विकलेल्या उशा कुठे असतील? ह्यांनी फाडलेली तिकिटं कुणाच्या पुस्तकात खूण म्हणून राहिली असतील?

इस्माईलशेठची पावसाआधीची शेवटची गाडी शुक्रवारी निघणार होती. आसामातला त्यांचा व्यापारी पोती उतरवून घेईल, आणि मावीचा चुलतभाऊ तिकडे जीप चालवतो, तो पुढे नेईल, असं ठरलं. पण शेठनी एक अट घातली. “पंधरा दिवस ताडपत्रीखाली जाणार. एक पोतं कच्चं निघालं तर बाकीची सहा खराब करील. हिराबाई, तपासून दे.”

मग हिराबाईचं तपासणं. ती डोळ्यांनी तपासत नाही. बोंबील कानाशी धरून मोडते. पूर्ण सुकलेला कट्‌ वाजतो. कच्चा असेल तर आवाज न करता वाकतो. ओटीवर बसून ती एकेका पोत्यातले बोंबील वरचे, मधले, तळातले काढून मोडत होती, आणि आम्ही सगळ्या कान देऊन ऐकत होतो. कट्‌. कट्‌. कट्‌. पाच पोती झाली. सहाव्याला तिने हात थांबवला. पुन्हा एक घेतला. वाकला.

“हे कुणाचं?”

माझं होतं. मी सुकवत नाही, बाजारातून घेतलेलं. स्वस्त मिळालं म्हणून खूश होते.

“वैनी,” हिराबाई म्हणाली, “तू सुकं दे म्हणून सगळ्यांना सांगलंस, आन तूच वलं दिलंस.”

ही गोष्ट अजून बचत गटात निघते. दर बैठकीला निघते.

त्या दिवशी बुधवार होता, आणि सातवं पोतं सुकं निघालं. दोन दिवस माझे बोंबील आमच्या गच्चीवर. मी आणि मावी आळीपाळीने राखणीला. तिने लॉजवरून सुट्टी घेतली होती. गुरुवारी दुपारी पश्चिमेकडून काळं आलं. आम्ही दोघींनी चादरीची चार टोकं धरून सगळं एका झटक्यात खाली आणलं. दहा-बारा थेंब पडले आणि ते काळं नागावकडे निघून गेलं. पुन्हा वर नेलं. मावी म्हणाली, “काकू, आप क्या बोल रहे हो धीरे-धीरे?” मी आभाळाशी बोलत होते. काय ते सांगितलं नाही, शिव्या होत्या. शुक्रवारी सकाळी हिराबाईने एक उचलला, कानाशी धरला. कट्‌. तिने पोत्याचं तोंड शिवायला घेतलं. शिवता शिवता दाभण वर करून मला दाखवला आणि म्हणाली, “ही आमची सोन्याची सुई.”

गाडी गेली. मग वाट बघणं. तिकडे पाऊस सुरू झाल्याची बातमी आली तरी पोती आसामातच होती. मावीच्या भावाची जीप एक दिवस बिघडली. दुसऱ्या दिवशी चिखलात अडकली. ह्यांच्या नकाशावर पेन्सिलीची खूण रोज बोटभर पुढे सरकायची, कधी सरकायचीच नाही. मी विचार करायची, सुई आज काय खुडून आणेल? पावसात त्या रानात जळवा असतील का? मुलांना ती काय सांगत असेल, आपण कुठे आलोय म्हणून?

पोती पोचल्यावर दोन दिवसांनी रस्ता खचला. आमच्याकडेही तेव्हा धो-धो लागला होता. दुपारी मावीने फोन लावला, चित्राचा. हिराबाईला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, ती केस नीट बांधून आली. पडद्यावर आधी मावीची आई, मग बारीक चणीची एक बाई. मोठं कपाळ, कडेवर पोर. सुई. आम्ही तिच्याकडे बघत बसलो, ती आमच्याकडे. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्यांचा की आमचा, ते कळत नव्हतं.

सुई काहीतरी बोलली. ते मावीच्या आईला कळलं, तिचं मावीला, मावीचं मला. “बोलती है, पूरा सूखा था. एक भी खराब नहीं.”

हिराबाईने माझ्याकडे बघितलं नाही. मोठेपणा तिचा. म्हणाली, “ठेवलंस कुठं, दाखव म्हन.”

सुईने फोन फिरवला. लाकडी जमीन, मधोमध चूल, चुलीच्या वर धुरात टांगलेली बांबूची फळी. त्या फळीवर मावीच्या आईचा वाटा. आणि बाजूच्या खांबाला नवा कोरा खिळा, त्याला सुईचे बोंबील, केळीच्या सालीने बांधलेले. मावीची आई मागून हसत काही म्हणाली आणि मावीही हसली.

“मम्मी बोलती है, इतना महीना हुआ, ये सब सामान थैली में ही रखती थी. कितना बोला, खूँटी ले लो, नहीं लेती थी. आज खुद कील ठोका.”

मला आनंद झाला. मी हिराबाईला सांगितलं, आणि तीही हसेल म्हणून तिच्याकडे बघितलं. ती हसली नाही. त्या खिळ्याकडेच बघत राहिली.

“पेरनीचं दिस हायेत ना तिकडंबी?” तिने विचारलं.

“असतील. पाऊस तर पडतोय.”

“खिला मारला तिनी,” ती हळूच म्हणाली. “म्हंजे ह्या पावसाला ती घरी जात न्हाय. तिला कललंय.”

पडद्यावर सुईचं पोर खिळ्याला हात पोचतो का बघत होतं. हिराबाईने पदराने नाक पुसलं, फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि खाडीपलीकडच्या होडीला हाक घालावी तशा आवाजात बोलायला लागली, “गो सुई, आयक. दर आठ दिसांनी खालचं वर कर, वरचं खाली कर. धूर सगल्यांना लागू दे. न्हायतर कीड धरल. असं केलंस तर चार म्हयनं टिकतान.”

मावीने ते आपल्या आईला सांगितलं, आईने सुईला. सुईने मान हलवली. मग थोडं थांबून तिने एक प्रश्न विचारला. तो उलट्या वाटेने आमच्याकडे आला.

“पूछती है, चार महीने के बाद?”

बाहेर पागोळ्या पडत होत्या.

“तवर तू तुज्या घरी गेलेली असशील, असं सांग तिला,” हिराबाई मावीला म्हणाली. मग मान हलवून स्वतःच दुरुस्त केलं, “न्हाय. असं नको सांगू. सांग, गेलीस तर बरंच हाय. आन न्हाय गेलीस, तर माजी वलांडी हाय.”